तेहतिसावा निरोप

केमीच्या कागद कारखान्यात आज शेवटची रात्र.
बाहेर आखात गोठलंय,
सूर्य दुपारी येऊन गेला, तपासणीला साहेब येतात तसा.
सकाळी सहाला मुख्य खटका पडणार
आणि मला सांगितलंय, आइनिक्की,
जिन्याखालच्या जुन्या मशीनचं काय ते आवरून घे.

अकरा वर्षं एकदाही बंद न झालेलं मशीन.
झाकणावर कागदाची पांढरी लव.
मी विचारलं, तुझ्याकडे रांगा किती?
म्हणालं, एक.
मालकाच्या रकान्यात नाव नाही, एक हजार सात.
खातं पुसलं की नाव जातं,
आकडा राहतो.

एक हजार सात म्हणजे एन्सिओ पालोकांगस.
पाळीवर आला की आधी बूट काढायचा,
लोकरी मोज्यांनी फिरायचा यंत्रांमधून,
म्हणायचा, तळपायाला जास्त ऐकू येतं.
त्यानेच शिकवलं मला :
प्रोसेस एकमेकींच्या घरात पाय ठेवत नाहीत.
काही सांगायचं तर कर्नलच्या ओसरीवर निरोप ठेवायचा
आणि आपल्या कामाला लागायचं.
दुसरी सवडीने येईल, उचलेल.
उचलला की ओसरीवरून गेला.
ठेवणारी मेली तरी निरोप तिथंच,
वीज असेतो.

बत्तीस निरोप होते. प्रत्येकी पाचशे बारा बाइट्स.
रांग काठोकाठ.
वाचणारी प्रोसेस जुन्या पॅनेलबरोबर
त्याच उन्हाळ्यात भंगारात गेली होती,
आणि ते ठेवणारीला कुणी सांगितलं नव्हतं.
आपल्याकडे असं होतं.

मग प्रोसेसची यादी काढली.
खाली, अगदी खाली,
एक हजार सातची एक, झोपलेली.
रांगेत जागा नसली की ठेवणारीला झोप लागते,
जागा झाली की कर्नल उठवतो.
दहा वर्षं तिला कुणी उठवलं नव्हतं.
हातात एक निरोप धरून.

एन्सिओला जाऊन नऊ झाली.

मी खुर्ची ओढली. एक उचलला.
“चौथ्या रोलरचं बेअरिंग कुरकुरतंय. तेल नको, बदला.”
मोजले : बत्तीस.
पुन्हा मोजले. बत्तीसच.
यादीत पाहिलं, तर ती नव्हती.
जागा मिळताक्षणी उठली, ठेवला, गेली.
उंबऱ्यावर थांबलीसुद्धा नाही.

आता तो सगळ्यांच्या मागे होता, शेवटचा,
आणि रांगेचा नियम रांगेचा.
मी ओळीने उचलत गेले,
आमच्याच शेवटच्या रिळाच्या कडेवर पेन्सिलीने उतरवत.
वाफेचा दाब. लगद्यातलं पाणी.
“व्हॉल्व्ह सहा खोटं बोलतो.”
“नवीन मुलगी चांगली आहे, तिला रात्री एकटी ठेवू नका.”
इथं पेन्सिलीचं टोक मोडलं.
पुन्हा वाफ. पुन्हा पाणी.
एक कोरा, नुसत्या शून्यांनी भरलेला;
तोही उतरवला, जागा सोडून.

साडेपाचला शेवटचा आला.
मला वाटलं होतं काहीतरी असेल.
“कॉफी संपली आहे. उद्या मी आणतो.”

आमच्या खोलीतला तो निळा डबा.
उद्याचं आठवत नाही, कुणी आणली ते.

माझा वाचायचा प्रोग्राम थांबवायला मी विसरले.
रांग रिकामी असली की वाचणारीलाही झोप लागते.
कर्सर लुकलुकत राहिला,
कुणी ठेवेल, उचलीन.
मी कोट चढवला, मग बूट काढले,
आणि मोज्यांनी चालत गेले चौथ्या रोलरपर्यंत.
तो गार होता. तळपायाला काही ऐकू आलं नाही.

सहाला खटका पडला.