पातळी

मिस्किटा सर मेलबर्नला लेकीकडे कायमचे गेले
तेव्हा चरईतलं त्यांचं घर तीन दिवसांत रिकामं झालं.
पियानो कुणी नेला, पुस्तकं वजनावर गेली
आणि ही घटपर्णी माझ्या मांडीवर बसून
रिक्षातून कोलबाडला आली.
"मिस टिपणीस, खत घालू नका," एवढंच म्हणाले,
"तिचं ती बघते."

तळमजल्याच्या मागे माझी चार फरश्यांची जागा,
कपड्यांची तार, मोरीचं तोंड.
तिथं तिनं पान लांबवलं, पानाच्या टोकाला दोरा,
दोऱ्याच्या टोकाला पिशवी,
निखाऱ्यावरच्या फुलक्यासारखी आतूनच फुगत गेलेली.
हातभर झाली तेव्हा फरशीला टेकली.
झाकण अजून बंद होतं.
टिचकी मारली: आत पाणी.
तोंड उघडायच्या आधीच
पोटात तयारी ठेवणारी
ही मी पहिलीच पाहिली.

एकतीस वर्षं मी कॉलेजात बरण्या भरल्या.
उन्हाळ्यात फॉर्मलिन उडतं, पातळी उतरते.
उघड्या पडलेल्या डोक्याला बुरशी धरायच्या आत
झाकण काढा, नाक वळवा, गळ्यापर्यंत ओता, मेण लावा.
शार्कचं पिल्लू. मांडूळ.
जन्मायचं राहून गेलेलं वटवाघूळ.
बरणी नंबर १४२: चिचुंद्री, मादी, नौपाडा,
साल पुसलेलं.
फॉर्मलिन काही खात नाही.
मिशा मोजल्या तर आजही तेवढ्याच भरतील.
निवृत्तीच्या दिवशी तिला मी "येते" म्हटलं,
बाकी कुणाला विशेष नाही.

आणि ही इथं सगळं खाते.
मुंग्या, मुंग्यांमागून झुरळ,
गणपतीत एक पाल. तिचं शेपूट
दोन दिवस कडेवर दिसत होतं,
तिसऱ्या दिवशी नाही.
उरलेलं मी चिमट्यानं काढते, पंख, पायाची आकडी,
जुन्या कॅलेंडरच्या पानावर वाळत घालते.
शेजारच्या कर्णिकांची नात विचारते,
हे झाड वाईट आहे का?
मी म्हणते, ही जिथं उगवते
तिथल्या मातीत काही नसतं गं.
ती म्हणते, पण इथं तर आहे.

माघातल्या एका रात्री
मोरीशी चिरकं चीं-चीं, आणि तो वास.
एकतीस वर्षं जिची पातळी राखली
तिचा वास मला माहीतच नव्हता.
बॅटरी मारली. झुरळामागे आली असावी.
कडेच्या लाल पट्ट्यांवर नखं ठरत नव्हती,
दर वेळी मिशांपुरती वर, दर वेळी खाली.
पाणी बरोबर गळ्याशी.
बरोबर तेवढंच, जेवढं मी ओतायचे.

सर सांगायचे, बोर्निओच्या एका डोंगरावर
खारीएवढा एक प्राणी
असल्याच घटाच्या कडेवर ऐटीत बसतो,
झाकणाखालचा गोडवा चाटतो,
तिथंच हगतो आणि निघून जातो.
झाडाला तेवढं पुरतं. कुणी मरत नाही.
हा शब्द सर इंग्रजीत कधी बोलले नसते,
मराठीत बोलले, अख्खा वर्ग हसला.
मी मागे ट्रे पुसत होते. मीही.

किती वेळ उभी होते
ते कुठं नोंदलेलं नाही.
क्लोरोफॉर्मचा बोळा धरणारा हात हाच.
मग आत जाऊन लाकडी फूटपट्टी आणली,
कॉलेजची, परत करायची राहिलेली,
आणि कडेवरून खाली सोडली.
चारवर तिनं पकडली, सातवर थांबली,
दहावर दोघींचा तोल गेला,
बारावर ती माझ्या पायावरून
ओलीच पळाली मोरीत.

सकाळी पट्टीवर, आठ आणि नऊच्या मध्ये,
तांदळाएवढी काळी लेंडी.
ती मी झटकून घटात टाकली.
पातळी थोडी उतरली होती.
हात तांब्याकडे गेला,
गेला तसा मागे आणला.
तिचं ती बघते.