काचेवरचा भाव

सहा वर्षांची भिशी संपली तेव्हा
आम्ही पाच जणी होतो, त्रिमूर्तीनगरच्या.
व्हिएतनाम ठरलं, कारण थायलंडला
तारा लोणारेच्या नणंदा आधीच जाऊन आल्या होत्या.
तिकिटं निघाली चारच.
शकुन भोयरने आपला वाटा उचलून
पोराच्या पॉलिटेक्निकला भरला,
आणि त्यावर कुणाला एक शब्द बोलू दिला नाही.

मी खजिनदार. वही माझी, रबरबँड माझा.
चौघींचे मिळून बाराशे डॉलर घ्यायचे होते.
भाच्याने फोनवर बजावलं :
विमानतळावर घेऊ नकोस मावशी, तिथे कापतात.
तिकडे कार्ड लावलंस आणि मशीनने विचारलं
रुपयांत की त्यांच्या पैशांत,
तर रुपये म्हणायचं नाही, कितीही आपलं वाटलं तरी.
मी ते वहीत लिहिलं.
कितीही आपलं वाटलं तरी, हेसुद्धा.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
सदरला सत्त्याऐंशी दहा.
रामदासपेठेत थोडं कमी, पण वर सर्व्हिस.
बर्डीत पाटी, कमिशन शून्य,
आणि दर असा की कमिशन त्यातच शिजलेलं.
ओला दुपट्टा वाळेपर्यंत फिरले,
वहीत सहा आकडे, एकही खरा वाटेना.

शकुन म्हणाली, मले घेऊन चाल.

गोकुळपेठच्या बाजारात तिची वीस वर्षांची जागा.
सांबार, पालक, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा.
काचेमागच्या पोराने तिला दोन रकाने दाखवले,
खरेदी आणि विक्री, शहाऐंशी नव्वद.
एका नोटेचे दोन भाव काहून?
तो समजावू लागला. ती म्हणाली, समजलं,
सकाळी आठचा सांबार आन रात्री आठचा.
मग गप्प बसली.

मला ते गप्प बसणं सोसेना.
तोंड उघडलं तर तिने माझ्या पायावर पाय दिला.
एसी घरघरत होता.
पोराने कॅलक्युलेटर ओढलं. सत्तर.
तिने पिशवी उचलली.
पिशवी रिकामी होती, मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.
पन्नास.
ती दारापर्यंत गेली, दार ढकललं नाही,
बाहेरच्या उन्हाकडे बघत उभी राहिली,
जशी गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठ करून राहतात, रोज.
पस्तीस, मावशी. याच्या खाली मालक मला ठेवणार नाही.
तेव्हा वळली.
जेवला का रे, तिने विचारलं.
आणि मला : दे.

नोटांना घडी नको, शाई नको, मी म्हटलं,
तिकडचे सोनार घडीची नोट कमी भावात घेतात.
सोनार?
हो, पैसे तिथे सोनाराकडे बदलायचे.
मंग इतवारीच झाली नं ते, शकुन म्हणाली.
एक नोट उजेडात धरली, नाकाला लावली.
याले कशाचाच वास नाई.

सहाशे साठ वाचले.
फुटपाथवरच हिशोब करून तिच्यापुढे धरले.
तिने तर्री पोहे सांगितले, दोन प्लेट,
तेवढे मला देऊ दिले,
बाकी चौघींत वाट म्हणाली, वहीत लिही.

हनोईत भाजीवाली जमिनीवर बसली होती, टोपली पुढ्यात.
बोटांनी भाव सांगितला.
मी पिशवी उचलली,
आणि पाचव्या सेकंदाला खाली ठेवली.
मला नाही जमलं.
तिने सुटे दिले, त्यात दोन हजारांची एक नोट,
चुरगळलेली, ओली,
मासळीचा आणि ओल्या पाल्याचा वास.
ती मी खर्चली नाही.

गोकुळपेठेत शकुनने ती आधी हुंगली,
मग उलटीपालटी करून बघितली.
आपले किती होते?
सात रुपये.
जुडी येते?
अर्धी.
तिने नोट गल्ल्यात टाकली, दहाच्या नोटांत,
आणि माझ्या पिशवीत सांबाराची अख्खी जुडी.