बिल्ला

माझ्या ॲप्रनच्या खिशाला एक बिल्ला आहे.
दर तीन महिन्यांनी तो पाकिटात बसून जातो
आणि मागून एक कागद येतो:
या तिमाहीत माझ्या अंगावर किती पडलं.

रात्री सव्वाबाराला घणसोली गावातून
रिद्धेश भोईर आला, वय वर्षं सात,
बापाच्या खांद्यावर, गुडघे पोटाशी.
"सांजपासून पोटान दुखतंय. मोठं मशीन लावा,
पैशाचं बघू नका."
साडेबारा टक्क्यांतला भूखंड नुकताच बिल्डरला दिलेला.
पैसा खिशात उभाच होता, चपला घालून.

मी टेबलावर चादर अंथरली.
वजन विचारलं. एकोणीस किलो.
मोठ्यांचे आकडे पुसून लहानांचे भरले.
हे मी नेहमी करते, आणि कुणी विचारत नाही.

डॉक्टर मुबीना काझी म्हणाल्या, "थांबा जरा."
त्याला खाली उतरवलं. "बेडकासारखी उडी मार बघू."
तो त्यांच्याकडे बघत राहिला,
दवाखान्यात उडी मारायला सांगतात का कुणी.
मग मारली. अर्धी. पण मारली.

सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही.
नुसता गॅस, राखाडी, हलता.
"नाही ना दिसलं? मग आता तरी?"
"मग थांबू. चार वाजता पुन्हा हात लावून बघते."

थांबू.
हा शब्द आमच्या कुठल्याच बिलात बसत नाही.

मशीनशी माझं वैर नाही.
मंगळवारी सायकलचं हँडल पोटात घुसलेली
कोपरखैरण्याची एक पोरगी आली होती, ओठ पांढरे.
तेव्हा कुणी थांबू म्हणालं नाही, मीही नाही.
प्लीहा फाटलेली, पडद्यावर लख्ख.
ती आज वॉर्डात मोसंबी नको म्हणून भांडते.

चार वाजले. काझीबाईंनी हात चोळून गरम केले,
मग पोटावर ठेवले.
तो झोपेतच कूस बदलला.
पावणेपाचला उठून म्हणाला, भूक लागली.

बापाचं समाधान झालं नव्हतं.
"एवढी रात्र काढली, हातात काय दिलंत?"
वाशीच्या सेंटरचा नंबर त्याने
कंपाउंडरकडून आधीच घेऊन ठेवला होता.
काझीबाईंनी कागदावर लिहून दिलं:
ताप, उलटी, चालताना वाकला, तर लगेच या.
घडी घालून त्याने तो वरच्या खिशात टाकला.
वाशीला गेला असेल का, मला माहीत नाही.

जाताना रिद्धेशने माझ्या खोलीत डोकावलं.
"हा केवढा मेदूवडा!"

मी न वापरलेली चादर काढली, घडी केली.
बिल्ल्यावर सवयीने बोट गेलं.
त्याच्या अंगावर आज किती पडलं, ते
कुठल्याच पाकिटातून येणार नाही.
शून्याची पावती आम्ही देत नाही.