हवं तर

बंदीचे दिवस. हर्णैच्या बंदरात होड्या वर ओढलेल्या,
निळ्या ताडपत्रीखाली, दोऱ्यांनी आवळून.
बर्फाच्या फॅक्टरीत बर्फ नाही.
तबरेज पेवेकर आहे, मी आहे,
दोन फोन आहेत आणि चार्जर एक.

माझं पान अमर. इंग्रजीत लिहिलंय, अर्थ असा:
‘हे पान नष्ट करता येत नाही.’
आठवडाभर त्याच्या जिवावर मी जिंकत होतो.
आज तबरेजने ते नष्ट केलं नाही.
परत पाठवलं. गड्डीच्या तळाला.

मी म्हणालो, चीटिंग.
तो म्हणाला, वाच.
वाचलं. दोन बोटांनी मोठं करून वाचलं.
नष्ट करणं निराळं, टाकून देणं निराळं,
हद्दपार निराळं, परत पाठवणं निराळं;
चार दारांच्या घराला
मी एकच कडी लावून निजलो होतो.

दहावीला व्याकरणात मला वीसपैकी सात.
तेव्हा कुणी सांगितलं नाही
की क्रियापदाला दात असतात.

सुगंधामावशी चोगले पाट्या मोजायला आली होती.
लिलावात तिचा पुकारा किल्ल्यापर्यंत जातो म्हणतात.
भांडण ऐकून उंबऱ्यात टेकली.
इंग्रजी ठेवा बाजूला, म्हणाली, मराठीत सांगा.
मी तबरेजचं लाडकं पान सांगितलं:
‘प्रत्येक जहाज बुडवा.’
प्रत्येक म्हणजे ह्याचंसुद्धा?
तबरेज गप्प.
काल तेच खेळून त्याने स्वतःची तीन बुडवली होती.

मग ती सांगू लागली: आधी मी नुसतं ‘ही पाटी’ पुकारायची.
एकदा दापोलीचा एक जण सुरमई घेऊन गेला
आणि पाटीसुद्धा. म्हणे, पाटीच पुकारलीत ना?
नवी होती रे पाटी. रंगाने माझं नाव घातलेली.
त्या दिवसापासून म्हणते, ‘ह्या पाटीतलं म्हावरं’.
शब्द वाढला. घसा तेवढा जास्त दुखतो.

जाताजाता तिने विचारलं,
‘करू शकता’ आणि ‘करा’, ह्यात काय फरक?
मी म्हणालो, पहिल्यात हवं तर.
दुसऱ्यात, नको असलं तरी.
हूं, म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून पाट्या मोजायला लागली.

सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलंय:
एक ऑगस्टपासून मासेमारीस जाता येईल.
तबरेजचे अब्बा तिथे बराच वेळ उभे होते.
गेल्या हंगामात विंचच्या दोराने त्यांची दोन बोटं नेली.
उरलेल्यांतलं एक ते शब्दाशब्दाखालून फिरवत होते.
‘जाता येईल,’ म्हणाले. ‘जावं, असं नाही लिहिलेलं.’
तबरेज म्हणाला, नाही लिहिलेलं.
अब्बांनी खाली जाऊन ताडपत्रीच्या दोरीला
आणखी एक गाठ मारली. दातांनी ओढून.

रात्री, अगदी शेवटच्या पाळीला,
माझं अमर पान तळातून हातात आलं.
खाली बटण चमकत होतं, फोन दोन टक्क्यांवर.
चार्जर मागायला वळलो
तर तबरेज विजेच्या बिलाच्या पाठीवर
लिहीत होता, खोडत होता:
जाता येईल.
जाऊ शकता.
जा.