उजवी स्प्रिंग

नवतपा लागलाय.
साडेपाचलाच हात घातला,
आठनंतर पाना धरवत नाही.
दिघोरीच्या या पोर्चमध्ये माझी झेन
पुढची दोन्ही चाकं काढून उभी आहे,
खाली जॅक, आणि जॅकचा भरवसा नको म्हणून
जुन्या रेल्वे स्लीपरचे चार ठोकळे.
शेजारचा लोमेश निनावे, आयटीआय, दुसरं वर्ष,
आज मेस्त्री.
मी हेल्पर.

नटांना रात्रभर डिझेल पाजलं होतं.
तरी खालच्या आर्मचा बोल्ट हलेना.
लोमेशनं पान्यावर पाइप चढवला, पाइपवर स्वतः चढला,
"अजी मॅडम, तुम्ही तिकडे सरका,"
आणि कुठल्याशा पावसाळ्यात धरलेला गंज
कर्र करून सुटला.

बुश बाहेर आले. रबर कसलं,
खर्ऱ्याचा चुरा.
मी त्यांना बोल लावणार नाही.
सव्वीस वर्षं उमरेड रोड.
कुही, मांढळ, भिवापूर,
मागच्या सीटवर हप्त्यांच्या पावत्या, क्लेमच्या फायली,
मेलेल्या माणसांचे दाखले, तीन-तीन प्रतींत.
पाचगावच्या अलीकडचा खड्डा मला तोंडपाठ आहे.
तो आधी यांनी खाल्ला,
उरलेला माझ्या कमरेनं.

मग स्प्रिंगा.
कॉम्प्रेसरचे आकडे लावले दोन्ही अंगांनी.
"बराबर फिरवा जी. एक पेच इकडं, एक पेच तिकडं.
घाई केली तं थेट जबड्यात बसते."
आम्ही समोरासमोर उकिडवे,
एक पेच तो, एक पेच मी,
बोलणं बंद,
कूलरच्या खसाचा वास घरातून येतोय
आणि मधोमध एवढा जोर, मुकाट.

सुटल्यावर फरशीवर दोघी शेजारी उभ्या केल्या.
डावी उंच.
लोमेशनं टेप लावली.
उजवी अकरा मिलिमीटर कमी.
"हे काऊन असं?"
आणि मग त्याचं त्यालाच सुचलं:
"तुम्ही एकट्याच बसून राहिल्या ना यात."

टेप मी हातात घेतली.
पुन्हा मोजलं.
अकराच.

डावीकडे डायरी असायची, छत्री,
हंगामात भिवापूरची पाच किलो मिरची,
शिंकत यायचे घरापर्यंत.
एका वर्षी चार महिने कुणी बसायचं तिथे.
स्प्रिंगला त्याचा पत्ता नाही.

नव्या स्प्रिंगा जरा कडक घेतल्या,
शॉक ॲब्सॉर्बर गॅसचे,
आणि पॉलीचे लाल बुश,
लिमलेटच्या गोळ्यांसारखे चकचकीत.
"तुमच्या नातवंडांपर्यंत जातील," म्हणाला दुकानदार.
मी विमा विकलाय,
असल्या वाक्याचं कमिशन किती ते मला माहीत आहे.
बसवताना मात्र हात थरथरला,
ग्रीस लावलेलं बोट कपाळाला लागलं,
लोमेश हसला, मी हसू दिलं.

आर्मचा बोल्ट त्यानं अर्ध्यावर सोडला.
"हा आत्ता नाही आवळायचा, मॅडम.
गाडी हवेत असताना आवळला
तं बुश जन्मभर पिळलेला राहते.
चाकं टेकू द्या. वजन येऊ द्या अंगावर.
मंग."

चाकं चढवली, ठोकळ्यांवर टेकवली.
मी स्टिअरिंगमागे बसले.
त्यानं खालूनच डोकं बाहेर काढलं,
डावीकडे पाहिलं,
आणि भिंतीपलीकडे हाक मारली: "आई! दोन मिन्टं ये ना."

निनावे वहिनी आल्या, हाताला कणीक,
कोपरानं दार उघडून बसल्या.
गाडी डावीकडे किंचित खाली गेली
आणि थांबली.
समोर फाटक बंद,
फाटकावर साडेनऊचं ऊन.
खाली लोमेशच्या पान्याचा आवाज, मोजून मोजून.

"कुठं निघालो आपण?" वहिनी म्हणाल्या.
मला काही सुचेना.
त्यांनी कणकेचा हात पदराला पुसला,
खांद्यामागे चाचपडलं.
"पट्टा लावू का?"