वाटेत सांडलेलं

बाबा मोन्कालुन होता.
म्हणजे भांडणाऱ्या दोन घरांमधली वाट.

इफुगाओच्या डोंगरात, जिथे भाताची खाचरं
पायरीवर पायरी चढत धुक्यात शिरतात,
भांडण लागलं की दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही,
समोरासमोर यायचं नाही,
जे म्हणायचं ते बाबाच्या कानात.

तो चालायचा.
इकडे कोंबडी, तांदळाची दारू, पान, सुपारी, चुना.
मग खाली ओढा, वर छातीवरची चढण,
तिकडे दुसरी कोंबडी.
आई म्हणायची, भांडण कुणाचं का असेना, पोट याचं सुटतं.
कुणी ऐकेचना, तर मांडीवर कोयता आडवा ठेवून
त्याच्या घरात बसून राहायचा.
तोही एक मुद्दा.

एकदा डुकराच्या भांडणात मी मागे मागे गेलो होतो.
इकडचा म्हणाला, त्याच्या बापाची हाडं कुत्र्यांनी ओढोत.
ओढ्याशी बाबा थांबला, लाल पिंक टाकली,
आणि तिकडे जाऊन म्हणाला,
तो म्हणतोय, डुक्कर तसंही म्हातारंच होतं.

परतताना मी म्हटलं, तो असं नव्हता म्हणाला.
बाबा म्हणाला, चढण पाहिलीस ना?
एवढं ओझं घेऊन कोण चढणार.
थोडं सांडतं.

मग अमेरिकन साहेब आला,
पत्र्याचं छप्पर आलं, झेंडा, घंटा.
मी मिशनच्या शाळेत शिकलेला,
माझं नाव फेलिपे झालं आणि मी दुभाषी झालो.
महिना बारा पेसो. बूट.
पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली:
शब्दन्‌शब्द सांगेन, कमी नाही, जास्त नाही.

तिंबुलुयनं रात्री मालिंगानचा पाट फोडला होता.
आमच्यात पहिला प्रश्न असता, किती?
किती डुकरं, किती घोंगड्या, पितळेची घंटा की मडकं,
आणि त्यावर तीन महिने चालणं.
साहेबानं विचारलं, गुन्हा कबूल? हो की नाही?
तिंबुलुयनं माझ्याकडे पाहिलं,
जसं बाजारात कुणी विचारावं,
डोंगर घेणार की नाही.

आधी त्याची जबानी. मालिंगान बाहेर, पायरीवर.
बोलता बोलता तिंबुलुय मालिंगानच्या आईबद्दल बोलला.
तापलेल्या माणसाचं बोलणं. ओढ्यापर्यंतही टिकलं नसतं.
मी ते इंग्रजीत केलं. कारकुनानं उतरवलं.
टाक बुडवताना त्यानं विचारलंसुद्धा,
हे एक शब्द की दोन?

मग मालिंगानला आत घेतलं,
आणि साहेब म्हणाला, वाचून दाखव.

मी वाचलं.
माझ्या तोंडातून, आमच्या बोलीत, खणखणीत,
त्याची आई चार दिवसांपूर्वीच गेलेली,
अजून घराखाली खुर्चीत बसवलेली.

तिंबुलुयला तीन महिने रस्त्याचं काम.
दंड टेबलाच्या खणात गेला.
मालिंगानला शिक्का मारलेला कागद मिळाला,
तो त्यानं कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

संध्याकाळी बाबा सुपारी घेऊन त्याच्याकडे गेला.
न बोलावता, कुणाचंच काही न घेता.
मालिंगान शिडीच्या वरूनच म्हणाला,
निकाल लागलाय.
आणि शिडी वर ओढून घेतली.

बाबा रात्री उशिरा आला.
मी बूट पुसत बसलो होतो.
सगळं सांगितलंस त्याला?
सगळं.
आईबद्दलचंही?
शपथ होती, बाबा.

तो बराच वेळ पानाला चुना लावत राहिला,
लावून झाल्यावरही.
मग म्हणाला, टेबलापासून तो उभा होता तिथवर
अंतर किती असेल?
मी म्हटलं, चार पावलं.

चार, तो म्हणाला.
मग सांडणार तरी कुठे.