ही गाडी कुठपर्यंत?

छत्तीस वर्षं एकच प्रश्न ऐकला,
एक पाय पायरीवर, एक अजून धुळीत:
मास्तर, गाडी कुठपर्यंत?
अमळनेर, टाकरखेडा, धरणगाव, पाळधी, जळगाव.
आता ओट्यावर बसून तोच प्रश्न
मी तीन पुस्तिकांना विचारतोय.
आखाजीला आलेली लेक सुरतेला परत जाताना
फ्रिजवर ठेवून गेली:
पप्पा, महिनाअखेर ठरवा.

निळी म्हणते, देशभर बारा हजार दवाखाने.
चष्मा पुसून मी आपला तालुका शोधतो.
पुणे आठ पानं. नाशिक तीन.
जळगाव अर्धं.
अमळनेरचे दोन: एक नुसता डोळ्यांचा,
दुसऱ्याच्या गाळ्यात दोन वर्षं झाली
मोबाइल दुरुस्त होतात.

हिरवी स्वस्त.
पण खोलीचं भाडं तिनं ठरवलेलं.
त्याहून बऱ्या खाटेवर निजलात
तर डॉक्टरच्या फेरीलाही कात्री,
ऑपरेशनलाही.
म्हणजे खिडकीशी बसला म्हणून
सामानाचंही भाडं वाढवायचं.
असं तर महामंडळानंही कधी केलं नाही.

पिवळी सगळं देते.
फक्त जुन्या दुखण्यांनी तीन वर्षं थांबायचं.
गुडघ्यांनो, ऐकलंत ना?
छत्तीस वर्षं उभे होतात चालत्या गाडीत,
अजून तीन.

एजंट भावसारांचा किशोर.
शाळेत जायचा माझ्याच गाडीनं, पासवर.
म्हणाला, नाना, शुगर लिहू नका,
कोण बघतंय?
मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट धरून
भर उन्हात पाळधीला उतरवलेला माणूस मी.
तो अजून लग्नकार्यात माझ्या पंगतीला बसत नाही.
लिहिलं: शुगर, दोघांनाही, चौदा वर्षांपासून.
किशोरनं कॅल्क्युलेटर पुन्हा दाबला.

मग कोकिळेचं वय.
दाखल्यावर एक जून, आमच्या पिढीत सगळ्यांचाच असतो तसा.
गुरुजींनी दोन वर्षं वाढवून शाळेत बसवलेली.
खरी एकोणसाठ, कागदावर एकसष्ट,
आणि साठीनंतर हप्ता उडी मारतो.
ती भाकरी थापताना आतूनच म्हणाली:
मास्तरनी वय लिखं, अन् पैसा मी भरू?
किशोर हसला. मी नाही हसलो.
रक्कम खरीच होती.

सुपडू बडगुजर माझा ड्रायव्हर, अकरा वर्षं एकाच ड्युटीवर.
मुलानं काढून दिलेलं कार्ड शर्टाच्या खिशात,
बिनापैशाचं, मोठ्या कंपनीचं.
रात्री छातीत कळ आली, शेजाऱ्याची जीप मिळाली.
जळगावचा दवाखाना यादीत होता,
नाव ठळक अक्षरात.
पाळधीच्या अलीकडे म्हणाला, जरा थांबव.
आयुष्यात पहिल्यांदा त्यानं
स्टॉप नसलेल्या जागी गाडी थांबवली.
कार्ड चालू होतं.

काल रात्री झोप आली नाही.
वेबिल भरावं तसं पिवळीच्या मागे लिहीत बसलो:
जळगाव, सव्वा तास. फाटक लागलं तर दीड.
धुळे, तेवढंच, रस्ता बरा.
गल्लीतले डॉक्टर नेहेते, आठ खाटा, कुठल्याच यादीत नाहीत,
चालत सात मिनिटं.
कोकिळेच्या पायानं अकरा.

सकाळी लेकीचा फोन: ठरलं?
म्हटलं, पिवळी.
आणि हप्त्यातून उरतील ते पोस्टात, नेहेत्यांसाठी.
ती म्हणाली, पप्पा, म्हणजे दोन तिकिटं काढताय तुम्ही.
हो गं.
एक गाडी शेवटपर्यंत जात नाही,
मध्ये बदलावी लागते.

सही केली. कोकिळेनंही केली,
नावातला ळ नेहमीसारखा उलटा.
फॉर्मची झेरॉक्स पालथी करून
सुट्टे नसले की तिकिटामागे लिहायचो तसं लिहिलं:
बाकी, तीन वर्षं.
भोवती गोल केला.

उतरताना मागून घ्यायचं असतं ते.
माझ्या गाडीत निम्मे लोक विसरायचे.